सूतभर जास्तीची झडप

हे लिहायला बसले आहे तेव्हा लेक झोपलेली आहे. निदान मला तसं सांगण्यात आलंय. दार लोटलेलं आहे, आतून पाळण्याची कडी करकरतेय आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, काहीतरी गुणगुणताहेत. पण कडी करकरते म्हणजे लेक झोपलीच, असं आमच्याकडे धरून चालता येत नाही. मध्ये एकदा अशीच कडी करकरत होती, मी निवांत बसून चहा प्याले, आणि आत जाऊन बघते तर पाळण्यात उशी. लेक बाबांच्या मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याची काडी चघळत होती आणि बाबा पायाच्या अंगठ्याने दोरी ओढून उशीला झोके देत होते.

"तुला जरा वेळ मिळावा म्हणून," ते म्हणाले.

तर हे आमचे बाबा. उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात, लोकांचे मीटर तपासण्यात गेली. मीटरचा आकडा कमी दिसला तर घरवाल्यावर संशय, जास्त दिसला तर मीटरवर संशय, आणि बरोबर दिसला तर दोघांवर. सासूबाई गेल्या, मग ते आमच्याकडे आले, 'थोडे दिवस' म्हणून. त्या 'थोडे दिवस'चा उच्चार ते इतका जपून करायचे की मला दर वेळी धास्ती वाटायची. खोलीत बसायचे. विचारलं तर जेवायचे, नाही विचारलं तर भूक नाही म्हणायचे. दिवा लावायच्या आधी 'लावू का' म्हणून विचारायचे. घरात कोणी इतकं हळू चालायला लागलं की आपल्यालाच चोरासारखं वाटायला लागतं.

मग त्यांना ते पिंप सापडलं.

आमचं घर भाड्याचं, पण मागे अंगण आहे. आधीचे भाडेकरू तिथे एक लोखंडी पिंप सोडून गेले होते. आडवं, चार पायांवर उभं, एका टोकाला विस्तवाची पेटी, दुसऱ्या टोकाला हातभर उंचीचं धुराडं. आम्ही त्यावर फडकी वाळत घालत होतो. बाबांनी ते घासलं, पुसलं, आत वाकून पाहिलं आणि जाहीर केलं की ही धुरी द्यायची पेटी आहे. लाकडाच्या चिपा धुमसवायच्या, तो धूर पिंपातून फिरवायचा आणि आत जाळीवर ठेवलेले मासे, कणसं, बटाटे त्या धुरावर सावकाश शिजवायचे. पहिल्यांदा त्यांनी मासा केला तेव्हा स्वतःहून ताट मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ फ्रीजचं दार उघडून उभी राहिले. काही काढायचं नव्हतं.

त्या दिवसापासून बाबा अंगणात आणि लेक बाबांच्या कडेवर. मला हात मोकळे मिळायला लागले. म्हणजे माझ्या या चोरलेल्या तासांचा उगम त्या गंजक्या पिंपात आहे, हे आधीच सांगून टाकते. उद्या कोणी म्हणेल, बाई नुसती माया म्हणून धडपडली. माया होतीच. पण माझाही स्वार्थ होता.

अडचण एकच होती. हे 'सावकाश' ज्याच्या हातात असतं ती झडपच नव्हती. झडप म्हणजे धुराड्याच्या नळीत आत बसणारी लोखंडी चकती. तिच्या मधून एक सळई जाते, सळईला बाहेर मूठ. मूठ फिरवली की चकती आडवी-तिरकी होते, धूर कमी-जास्त जातो, विस्तव आपल्या ऐकण्यात राहतो. आमच्यातली चकती गंजून गळून गेली होती, नुसती सळई उरली होती. त्यामुळे विस्तव भडकायचा, तो दाबायला बाबा ओल्या चिपा टाकायचे, आणि मग जो धूर निघायचा तो भिंतीवरून थेट शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींची चौकशी करायला जायचा.

शेजारच्या काकू भिंतीपलीकडे सतत झाडांना पाणी घालत असतात. इतकं पाणी पिऊन एखादं झाड जगतं यावर माझा विश्वास नाही. झारीतलं पाणी संपलं तरी त्यांची झारी वाकडीच असते आणि मान आमच्याकडे.

"नाही, मी काही बोलत नाही हो," त्या एकदा म्हणाल्या. "पण काय दारूबिरू गाळताय का?"

"गाळत नाही काकू. मासे आहेत."

"मासे," त्या म्हणाल्या, आणि घरात गेल्या. दार लावल्याचा आवाज काही आला नाही.

मग घरमालकीणबाईंचा फोन आला. एरवी त्या आम्हाला फोन करत नाहीत. आम्ही करतो तेव्हा उचलत नाहीत. पण त्या दिवशी स्वतःहून केला.

"अंगणात काय चालवलंय तुम्ही? मला फोन आला होता धुराबद्दल."

"कोणाचा?"

"ते महत्त्वाचं नाही. मी येत्या रविवारी दुपारी येतेय. धुराचा त्रास असेल तर ते पिंप तिथे राहणार नाही."

मी फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून झारीचं तोंड दिसत होतं. मला आणखी पुरावा नको होता.

जेवताना मी ही बातमी सांगितली. नवरा म्हणाला, "काकूच. दुसरं कोण?" बाबांनी भात कालवला, परत कालवला, आणि म्हणाले, "पिंप गेलं की मग माझंही इथे तसं काय काम."

"बाबा, काहीतरी काय बोलता," नवरा म्हणाला.

"मी आपलं बोललो," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेकीचा चेंडू बाबांच्या पलंगाखाली गेला. तो काढायला मी वाकले तर तिथे बाबांची निळी बॅग. उचलून बघितली. जड. चेन जराशी उघडी होती. आत इस्त्रीचे शर्ट, औषधाची पिशवी, सासूबाईंचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला. आले तेव्हापासून फोटो टेबलावर होता असं मला पक्कं आठवत होतं. मी चेंडू घेतला, बॅग होती तशी सरकवली आणि बाहेर आले. लेकीने चेंडू परत पलंगाखाली टाकला. कधीकधी मला वाटतं या मुलीला सगळं कळतं.

रात्री मी नवऱ्याच्या कानावर घातलं. तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "झडप करून घेऊ." आमच्या घरातले पुरुष मनातलं बोलायची वेळ आली की हार्डवेअरकडे वळतात.

झडपेचं माप घेण्याचं काम साहजिकच बाबांचं. त्यांनी टेप घेतली. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून आधी टेप पट्टीला लावून तपासली. मग पट्टीबद्दल शंका आली, तेव्हा दोन्ही बाजूला ठेवून सुतळीने नळीचा आतला व्यास घेतला. सकाळी नवरा बूट घालत असताना त्यांनी त्याला आकडा सांगितला. महत्त्वाची कामं मुलाला सांगायची ही त्यांची रीत. नवऱ्याला ऑफिस असतं, त्यामुळे गेटपाशी तो आकडा त्याने मला सांगितला. मी लेकीला कडेवर घेतलं आणि वेल्डिंगच्या दुकानात गेले. आकडा असा माणसामाणसांतून प्रवास करत निघाला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

निघताना काकूंनी भिंतीवरून सल्ला दिलाच. "वेल्डिंगवाल्याकडे चाललीस? जपून हो. माझ्या फाटकाची कडी केली होती त्याने. आजवर फाटकच लागत नाही."

"मापात चूक झाली का?"

"माप माझं बरोबर होतं," काकू म्हणाल्या. हे वाक्य पुढे मी बऱ्याच तोंडांतून ऐकणार होते.

वेल्डिंगचं दुकान म्हणजे एक लांबट शेड. जमिनीवर लोखंडाचा भुगा, भिंतीला टेकून अर्धवट खिडक्या, कोपऱ्यात जिचं गिऱ्हाईक परत आलंच नाही अशी एक झोपाळ्याची कमान. दाराशी पाटी: 'माप गिऱ्हाइकाचे. चूकही गिऱ्हाइकाची.' वेल्डिंगवाले दादा डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडे बघत राहिले.

"कशाला हवी चकती?"

"धुराड्याला. झडप."

"घरात धुराडं?"

"अंगणात."

"अंगणात धुराडं कशाला लागतं ताई?"

"मासे करतो."

"धुराड्यात?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. घरातल्या मोठ्यांवर विश्वास नसला की लोक लहान मुलांकडे बघतात. लेकीने त्यांना थुंकीचा फुगा करून दाखवला. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं असावं. खडू उचलून त्यांनी दाराच्या पत्र्यावर मी सांगितलेलं माप लिहिलं आणि मला ते तीनदा मोठ्याने म्हणायला लावलं. लग्नातसुद्धा माझ्याकडून इतकं वदवून घेतलं नव्हतं.

चकती दोन दिवसांत झाली. छान झाली होती, चकचकीत, मधून सळई, टोकाला गोल मूठ. मी ती फडक्यात गुंडाळून घरी आणली. बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली, धुराड्याजवळ नेली आणि नळीच्या तोंडावर ठेवली.

ती तिथेच राहिली. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. नळीच्या डोक्यावर ती टोपीसारखी बसली, आणि टोपीसुद्धा मोठ्या भावाची. लेकीला बसवून आंघोळ घालता आली असती.

"माझं माप बरोबर होतं," बाबा म्हणाले.

"मी तेच सांगितलं," नवरा म्हणाला.

"मीही तेच सांगितलं," मी म्हणाले.

तिघांनी हे एकमेकांकडे न बघता म्हटलं, ही गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. पण माझं स्वतःचंही लक्ष मूठ पुसण्यात असल्यामुळे मी ती ताणली नाही.

सर्वानुमते चोर ठरले वेल्डिंगवाले. नवरा म्हणाला, तो पत्रा जास्त खपवतो. बाबा म्हणाले, त्याने खडूचा आकडा पुसून पुन्हा लिहिला असणार, मीटरवाले तसं करतात. मी आपली पाटी आठवत राहिले. दुसऱ्या दिवशी ती थाळीएवढी चकती घेऊन मी परत गेले तेव्हा दादांनी दाराच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. आकडा तसाच होता, मी तीनदा म्हटलेला. माझा आवाजही त्यांना आठवत होता.

"ही कापत बसण्यापेक्षा दुसरी करतो," ते म्हणाले. "ही राहू द्या तुमच्याकडे. कशाला तरी झाकण होईल. नवीन माप सांगा. नीट घेऊन या."

मग घरी पुन्हा माप. पुन्हा टेप, पट्टी, सुतळी, आकडा बाबांकडून नवऱ्याकडे, नवऱ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून पत्र्यावर. या वेळी प्रत्येक जण आकडा सांगताना जरा जास्तच शांत होता.

दरम्यान मी काकूंच्या बाबतीत मुत्सद्देगिरीचा प्रयोग केला. रविवार जवळ येत होता. विस्तव हाताने दाबून दाबून बाबांनी कणसं भाजली होती. त्यातली दोन एका वाडग्यात घालून मी भिंतीवरून दिली.

"कशाबद्दल?" काकूंनी विचारलं.

"असंच."

"असंच कोणी देत नाही गं." त्यांनी वाडगा नाकाजवळ नेला. "काय हवंय तुला?"

"काही नको काकू."

"मग तर नक्कीच काहीतरी आहे."

संध्याकाळी वाडगा परत आला. रिकामा आणि इतका स्वच्छ घासलेला की मला वाटलं, पुरावा नष्ट केलाय. सोबत निरोप होता: 'मीठ कमी.' आता मीठ कमी हा पसंतीचा निरोप की तक्रारीचा, यावर मी आणि नवऱ्याने जेवण होईपर्यंत खल केला. बाबांनी मात्र आपलं ताट उचलता उचलता हळूच विचारलं, "काकू आणखी काही बोलल्या का? माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काय बोलतील?"

"नाही, विचारलं आपलं."

मनात पाल चुकचुकली. पण लेकीने तेवढ्यात पाण्याचा तांब्या उलटा केला आणि पाल, तांब्या, सगळंच वाहून गेलं.

दुसरी चकती आली ती शनिवारी. फडक्यातून काढताना मला ती जरा लहानखुरी वाटली होती, पण म्हटलं, मोठी बघून बघून डोळे बिघडले असतील. बाबांनी ती नळीत सोडली. सोडली म्हणजे खरोखरच सोडली. चकती सळईसकट नळीतून खाली गेली, पिंपात आपटली, जाळीवरून उडाली आणि विस्तवाच्या पेटीतल्या राखेत जाऊन पडली. कपाखालच्या बशीएवढी होती. लेकीने टाळ्या वाजवल्या. तिला ते पुन्हा हवं होतं. त्या संध्याकाळी आम्ही ती चकती नळीतून बऱ्याचदा सोडली, कारण निदान कोणालातरी तिचा उपयोग होत होता.

बाबा पायरीवर बसले होते. "राहू दे आता," ते म्हणाले. "बाई येतील, पिंप उचला म्हणतील, उचलू. एवढं काय."

ते 'एवढं काय' मला मुळीच आवडलं नाही. मी आत जाऊन पलंगाखाली बघितलं. बॅगेची चेन आता पूर्ण लावलेली होती.

रविवारी सकाळी मी जाहीर केलं की आता माप कोणीही घेणार नाही. ना टेप, ना पट्टी, ना सुतळी. धुराडंच काढायचं आणि दुकानात न्यायचं. आणि सगळ्यांनी जायचं. मला आता कोणालाच मागे ठेवायचं नव्हतं. कोणी एकट्याने घरी राहून काय करेल याची खात्री नव्हती.

धुराड्याचे बोल्ट काढले. नळी काळीकुट्ट, जड आणि काजळी सांडणारी. ती हातात धरून रस्त्याने नेणं शक्य नव्हतं, म्हणून लेकीच्या बाबागाडीत ठेवली. वर पांघरूण घातलं, काजळी उडू नये म्हणून. लेक नवऱ्याच्या खांद्यावर, बाबा गाडी ढकलताहेत, मी मागे. कोपऱ्यावर एक ओळखीच्या आजी भेटल्या. "आज झोपली वाटतं," म्हणत त्यांनी कौतुकाने पांघरूण बाजूला केलं. मग नवऱ्याच्या खांद्यावरच्या लेकीकडे पाहिलं, पुन्हा गाडीत पाहिलं, पांघरूण नीट घातलं आणि चालू लागल्या. अजूनही त्या मला बघून रस्ता ओलांडतात.

दुकानात दादांनी चष्मा कपाळावर घेतला. "आता काय झालं?"

"लहान झाली."

"मी तुम्ही सांगितलं तेच..." ते म्हणाले आणि थांबले. त्यांचं ते थांबणं मी बरोबर ओळखलं. गेटपाशी आकडा सांगताना नवरा असाच थांबला होता.

"तेच?" मी विचारलं.

दादांनी हातमोजा काढला. "थोडं राखून केलं. पहिल्या वेळी सूतभर वाढवलं होतं. गिऱ्हाईक माप नेहमी कमी आणतं हो ताई. लोखंड जास्त असलं तर घासता येतं, कमी पडलं तर काय करायचं? मग मोठी झाली म्हणून आलात. म्हटलं, या बाई वाढवून सांगतात. दुसऱ्या वेळी कमी केलं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका सुताने थाळी होत नाही.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो लेकीचा मोजा वर ओढत होता. "मी पण दोन सूत जास्त धरलं होतं," तो म्हणाला. "बाबांना आता बारीक आकडे दिसत नाहीत. मला वाटलं कमीच वाचलं असेल. दुसऱ्या वेळी मग तेवढंच कमी."

"मला दिसतं," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही काही धरलं नव्हतं?"

बाबांनी गाडीचा दांडा धरून ठेवला होता. "बोटभर. हे लोक कापताना कमी कापतात म्हणून. आणि दुसऱ्या वेळी, हे लोक जास्त कापतात म्हणून बोटभर कमी."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेकसुद्धा. मी सांगितलं की नवऱ्याने बैठकीचे पडदे आणले होते तेव्हा ते खिडकीच्या अर्ध्यावर संपले होते, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडून आलेल्या कुठल्याही मापात मी आपलं मनातल्या मनात थोडं घालते. अगदी थोडं. अर्धा इंच. पहिल्या चकतीला पडद्यांच्या विचाराने घातलं, दुसऱ्या वेळी तेवढंच कमी केलं.

त्या शेडमध्ये चार जण उभे होते, चौघेही प्रामाणिक, आणि एकाचाही दुसऱ्यावर सूतभर विश्वास नव्हता.

"ती नळी ठेवा इथे," दादा म्हणाले. त्यांनी नळी पत्र्यावर उभी केली, खडू आत घातला आणि कडेकडेने फिरवला. मग खडू उचलून जरासा आत नेला.

"दादा," मी म्हणाले.

"आत फिरायला जागा नको का?"

"तेवढीच. बाकी राखून काही नको."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि रेघेवर कापलं. ठिणग्या उडाल्या, लेकीने नवऱ्याचे केस घट्ट धरले. सळई वेल्ड झाली. मूठ फिरवली. चकती नळीत आडवी झाली, उभी झाली, पुन्हा आडवी झाली. बाबांनी ती इतक्यांदा फिरवली की शेवटी दादा म्हणाले, "काका, घरी पण फिरवता येईल."

मालकीणबाई दुपारी आल्या. पिंप पेटलेलं होतं. धुराड्यातून धुराची बारीक रेघ सरळ वर जात होती. काकूंच्या चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या आणि काकू झारी घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. मालकीणबाईंनी नाकाला रुमाल लावला, मग काढला. पिंपाभोवती फिरल्या. खाली वाकून पाय तपासले. भिंत कुठे काळी झाली आहे का बघितलं. मी मागे मागे ताट घेऊन.

"हेच का ते?" त्या म्हणाल्या.

"हेच," मी म्हणाले आणि भिंतीकडे बघून जरा मोठ्याने म्हणाले, "ज्यांनी तक्रार केली त्यांचंही आता समाधान व्हायला हरकत नाही."

"माझ्याकडे काय बघतेस?" काकू म्हणाल्या. "मी तर मुद्दाम खिडकी उघडी ठेवते वास यावा म्हणून."

"तक्रार कोणी केली?" मालकीणबाईंनी विचारलं. "मला फोन आला तो तुमच्याच घरून. वयस्कर आवाज होता. विचारत होते, धुराची, नाहीतर इथे माणूस जास्तीचा राहतोय याची, काही तक्रार आली आहे का, आली असली तर स्पष्ट सांगा, मनात ठेवू नका. मला तोवर पिंपाचा पत्ताच नव्हता. म्हटलं एकदा जाऊन बघावं."

बाबा मूठ फिरवत होते. झडप बंद झाली, पिंपाच्या फटींतून धूर यायला लागला, तरी ते फिरवतच होते.

"बाबा," नवरा म्हणाला.

"विचारून ठेवलेलं बरं असतं," बाबा म्हणाले. "आपल्या माणसांना तोंडावर सांगता येत नाही. ते आपले सहन करत राहतात. म्हटलं, बाहेरून कळलं तर बरं."

मीटरवर संशय, घरवाल्यावर संशय इथवर ठीक होतं. पण हा माणूस आमच्या घरातली स्वतःची जागासुद्धा बोटभर कमी धरून बसला होता. आम्ही जेवढी देत होतो त्यातून हळूच कापून, आम्हाला पुरावी म्हणून.

"बाबा, मूठ सोडा," मी म्हणाले. "आणि ऐका. इथून तुम्ही कुठेही जाणार नाही आहात. हे माप मी घेतलंय. यात मी काही वाढवलेलं नाही, काही राखलेलं नाही. तुम्हीही मध्ये हात घालू नका."

"अगं पण..."

"तुम्ही गेलात तर हिला कोण झोपवणार? मला पाळण्यातली उशीसुद्धा चालेल."

काकूंनी नाक पुसलं. मला वाटतं धुराने. मालकीणबाई ताटातल्या माशाचे काटे एकेक काढून, उजेडात धरून, तपासून बाजूला ठेवत होत्या. सगळा मासा संपवल्यावर त्या म्हणाल्या, "पिंप राहू दे. पण मीठ कमी आहे."

"मी सांगितलं होतं," काकू म्हणाल्या.

पहिली थाळी वाया गेली नाही. दादांनी तिला तीन पाय लावून दिले. ती आता अंगणात बाबांच्या खुर्चीशेजारी असते, तिच्यावर चहा आणि चष्मा. बशीएवढी चकती लेकीने स्वतःची मानलीय, ती दिवसभर मिळेल त्यावर आपटत असते. हे लिहिताना आता तोच आवाज येतोय, म्हणजे लेक झोपलेली नाही, आणि कडीही करकरतेय, म्हणजे पाळण्यात उशी आहे. मी काही उठणार नाही.

निळ्या बॅगेबद्दल मी कोणाला काही विचारलं नाही. पलंगाखाली मात्र बघत राहिले. एक दिवस बॅग तिथे नव्हती. टेबलावर सासूबाईंचा फोटो होता, शर्ट कपाटात होते, तरी मी तशीच धावत अंगणात गेले.

बाबा विस्तवाची पेटी उघडून बसले होते. शेजारी निळी बॅग, चेन सताड उघडी. त्यात हात घालून त्यांनी ओंजळभर लाकडाच्या चिपा काढल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या.

"पोत्यात ओल धरतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ही रिकामीच होती."

मी जवळ जाऊन बॅगेचा वास घेतला. कापडात, अस्तरात, चेनीत, सगळीकडे धूर मुरला होता. ती बॅग घेऊन आता त्यांना कुठल्याही गाडीत कोणी चढू देणार नाही.